गोळीतले शहाणपण

कादंबरी लिहिणाऱ्याला वेड फार सोयीचे असते. नायिकेचे पुढे काय करावे हे सुचेनासे झाले की तिला वेड लावून द्यावे. ती केस मोकळे सोडून नदीकाठी हिंडू लागते आणि लेखकाला तीनचार प्रकरणांची उसंत मिळते. मग शेवटी तिचे हरवलेले मूल तिच्यापुढे उभे करावे. ती किंकाळी फोडते, भानावर येते आणि पुस्तक संपते. आमच्या आधीच्या लेखकांचे हेच काम क्षयरोग करीत असे. प्रेमभंग झाला की नायक खोकू लागे, रुमालावर तांबडा डाग दिसे आणि वाचक काय ते समजून चुके. दुःखाने क्षय होतो हे त्या काळी नुसते कादंबरीतच खरे नव्हते. 'विचार करकरून पोर वाळली' असे घरोघर म्हणत.

१८८२ साली कॉख नावाच्या जर्मन डॉक्टराने क्षयाचा जंतू शोधून दाखवला. पुढे साठएक वर्षांनी त्या जंतूवर औषधे निघाली, आणि क्षय हळूहळू आमच्या कादंबऱ्यांतून नाहीसा झाला. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वॉनलेसवाडी आहे. तेथल्या सॅनेटोरियमचे नाव आमच्या भागातली जुनी माणसे आवाज खाली आणून घेत. आज क्षयाची औषधे घेणाऱ्याला 'मन घट्ट कर, म्हणजे खोकला जाईल' असे कोणी सांगत नाही. मनाच्या आजाराला मात्र अजून ही सवलत मिळालेली नाही. डोक्याच्या डॉक्टराकडे जाणारा माणूस ओळखीचे कोणी दिसले की शेजारच्या दातांच्या दवाखान्याची पाटी वाचू लागतो.

हे नुसत्या लाजेने होते असे मला वाटत नाही. तिच्या खाली एक प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. मन म्हणजे मी. मन शांत झाले तर ती माझी कमाई. ते सैरावैरा धावले तर तो माझा दोष. मग एक पांढरी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि मन ताळ्यावर आले, तर ती कमाई कोणाची? आणि गोळी घेण्यापूर्वी मी जे काही केले त्याचा दोष तरी कोणाचा?

आम्ही सातारची माणसे या बाबतीत जास्तच हट्टी असतो. सज्जनगड आमच्या उशाशी. समर्थांनी दोनशे पाच श्लोक केले ते मनाला उद्देशूनच. लहानपणी ते आमच्याकडून घोकून घेतलेले आहेत आणि मी आजही ते शाळेत मुलांकडून म्हणवून घेतो. त्यामुळे कोणी खिन्न होऊन अंथरुणाला खिळला की आमच्याकडचा उपाय ठरलेला: मनाचे श्लोक म्हण. उपाय चांगला आहे. परंतु श्लोक सांगणारा समर्थ असला तरी ते ऐकणारे कोणीतरी घरात असावे लागते. काही आजारांत तो ऐकणाराच आजारी पडतो. बहिऱ्याला मोठ्याने ओरडून सांगितले, तर ऐकू न येण्याचा दोष त्याचा का?

आणि गोळीने मन बदलणे आपल्याला इतके परके तरी कुठे आहे? सकाळी सहाला जे गृहस्थ कोणाशी नीट बोलत नाहीत, तेच साडेसहाला चहा झाल्यावर शेजाऱ्याची चौकशी करतात. चहातले कॅफिन मेंदूत जाऊन काय करते, तर थकवा कळवणारे एक द्रव्य जिथे येऊन टेकते ती जागाच अडवून बसते. निरोप पोचत नाही, म्हणून थकवा कळत नाही. हा उघड उघड मेंदूवरचा औषधोपचार आहे, आणि अख्खा महाराष्ट्र तो दिवसातून दोनदा घेतो. त्याने आलेली तरतरी आपण बिनदिक्कत स्वतःच्या नावावर जमा करतो. 'हा उत्साह माझा की चहाचा' असे म्हणून कपाकडे पाहत बसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

चहाचे हे उदाहरण मी घेतले ते गमतीसाठी नव्हे. मनाची बहुतेक औषधे याच तऱ्हेने काम करतात. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, तेव्हा मी माझ्या परीने सांगतो. १९२९ साली आयर्विन पूल झाला, त्यापूर्वी सांगलीकरांना कृष्णा ओलांडायला नावच लागे. मेंदूतल्या पेशींचेही तसेच आहे. दोन पेशींच्या मध्ये एक बारीकशी फट असते आणि तिच्यावर पूल नसतो. अलीकडच्या काठावर निरोप आला की तेथून रसायनांच्या नावा सुटतात. पलीकडच्या काठावर त्यांच्या त्यांच्या ठरलेल्या घाटांना लागतात. निरोप वर चढतो. आणि मग रिकाम्या नावा पुन्हा अलीकडे ओढून घेतल्या जातात. डोपामिन, सिरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन ही त्या नावांची नावे. भास-भ्रमांच्या आजारावरची औषधे बहुतेक डोपामिनचे घाट अडवतात. खिन्नतेवर आज जी औषधे सर्रास देतात, ती सिरोटोनिनच्या नावा परत ओढू देत नाहीत. त्यामुळे त्या पाण्यावर जास्त वेळ राहतात.

एवढ्यावर सारे उलगडले असे मात्र कोणी समजू नये. नावा थांबवण्याचे काम पहिल्या काही तासांतच होते, आणि रोग्याला उतार पडायला दोनचार आठवडे लागतात. म्हणजे त्या आठवड्यांत पाण्याखाली आणखी काहीतरी चालते. घाट नव्याने बांधले जातात, पेशींचे जुने संबंध सैल होऊन नवे जुळतात, असे आता मानतात. 'सिरोटोनिन कमी पडले की माणूस खिन्न होतो' हा हिशेब फार ढोबळ होता, हेही शास्त्रज्ञ आज मोकळेपणाने सांगतात. मला त्यात औषधाची नामुष्की दिसत नाही. का बरे वाटते हे कळण्याच्या फार आधीपासून माणसे औषधाने बरी होत आली आहेत.

याचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच मातीतला आहे. सह्याद्रीच्या रानात सर्पगंधा नावाचे झुडूप होते. त्याचे मूळ वैद्य आणि वैदू पूर्वापार वापरीत आले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवले की, या मुळीने रक्ताचा दाब उतरतो आणि अनावर वेडही शांत होते. मुंबईला के.ई.एम. रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि १९४९ साली आपला अनुभव इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि पुढच्याच एकदोन वर्षांत न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन ते आपल्या वेड्यांच्या इस्पितळात देऊ लागले. त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचे प्रयोग सुरू झाले होते. ज्या बराकींतून अहोरात्र आरडाओरडा ऐकू येई, तेथे माणसे जेवायला पंगतीत बसू लागली.

मग आले ते सश्यांचे प्रकरण. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सश्यांना रेसर्पिन टोचले. ससे कान पाडून जागच्या जागी बसले, हलेनात, खाईनात. रेसर्पिनने मेंदूतली नावांची कोठारेच रिकामी करून टाकली होती. मग त्यांनी त्याच सश्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचले. मेंदूत त्यापासून डोपामिन तयार होते. काही मिनिटांत सश्यांचे कान उभे राहिले आणि ते इकडेतिकडे हिंडू लागले. पुढे कंपवाताच्या रोग्यांना हेच द्रव्य देऊ लागले आणि २००० साली कार्लसनना नोबेल पारितोषिक मिळाले. (आपल्या कुंपणावर चढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत हे एल-डोपा असते. एक झुडूप कोठार रिकामे करणारे आणि एक वेल ते भरणारी, दोन्ही एकाच डोंगराच्या! परंतु हे वाचून कोणी बिया कुटू लागू नये.)

त्या सश्यांचा विचार मी पुष्कळदा करतो. कान पाडून बसलेल्या सश्याला 'ऊठ, हिंमत धर' असे कोणी म्हणाले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. तरीही 'ससा आहे तो, माणसाची गोष्ट वेगळी' असे तुम्ही म्हणाल. तर माणसाचीही ऐका. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी-व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले. फुप्फुसांचे काय व्हायचे ते होवो, रोगी हसूबोलू लागले, मागून जेवू लागले. मरणाच्या वाटेवरच्या माणसांना आनंद होऊ लागला! डॉक्टरांनी तो आधी दुष्परिणाम म्हणून नोंदवला आणि पुढे त्यातूनच खिन्नतेवरचे पहिले औषध निघाले. त्या आनंदाला खोटा म्हणायचे का? मला ते धाडस होत नाही. परंतु पुरता खरा म्हणतानाही जीभ अडखळते. आणि माझ्या घरातच हा प्रश्न विचारणारे माणूस आहे.

माझी थोरली बहीण सांगलीला दिली आहे. पुढचे सारे तिला विचारून लिहितो आहे. तिचे म्हणणे एवढेच की, 'लिहायचं तर गुळमुळीत लिहू नकोस.' अक्काला दोन टोकांचा आजार आहे. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला खिन्नतेचा अंधार. तिला लिथियम चालू आहे. लिथियम म्हणजे एक क्षार, मिठाच्याच गोतावळ्यातला. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टराने तो आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मग उन्मादाच्या दहा रोग्यांना दिला. नाव घाटाला लागल्यावर निरोप गावात कसा पोचतो, त्या आतल्या व्यवस्थेवर तो काम करतो असे म्हणतात. मिरजेच्या डॉक्टरांनी अक्काला तो सुरू केल्यानंतर पंधरा-सोळा वर्षे तिचा संसार सुरळीत चालला होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोका धरतात. पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. दाजींनी घर सोडताना कागदपत्रे घेतली, दागिने घेतले, देव घेतले. गोळ्यांचा डबा खालच्या फडताळात राहिला. एका शाळेत त्यांना आसरा मिळाला. 'गोळ्या आणल्यास ना?' असे दाजींनी विचारले तेव्हा अक्का 'आहेत' म्हणाली.

पुढचे पाचसहा दिवस सारी शाळा तिचे नाव घेत होती. चाळीस माणसांचा स्वयंपाक ती एकटी ओढत होती. पहाटे तीनला भाकऱ्यांना बसे आणि रात्री एकला भांडी आवरून झाल्यावर म्हाताऱ्यांचे पाय चेपी. वर गाणी म्हणे, पोरांना हसवी. जागरण हे या आजाराचे मोठे निमित्त, आणि त्या पुरात कोणालाच झोप नव्हती. त्यामुळे काय चालले आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आठव्या दिवशी तिने हातातल्या पाटल्या काढून एका अनोळखी बाईला दिल्या. नवव्या दिवशी ती दाजींना म्हणू लागली की राहते घर विकून कायमचे अन्नछत्र घालू. त्या रात्री कोणाची तरी म्हैस मागे राहिली म्हणून ती एकटीच पाण्याकडे निघाली. कमरेएवढ्या पाण्यातून दाजींनी तिला ओढून आणली.

औषध पुन्हा सुरू झाले. पंधरवड्याने मी सांगलीला गेलो तेव्हा घरातला गाळ काढून झाला होता आणि भिंतींवर पाण्याची रेघ राहिली होती. तिच्याखाली बसून अक्का गहू निवडत होती. म्हणाली, "लोक म्हणतात अक्कांनी चाळीस माणसं जगवली. तुम्ही म्हणता तो आजार होता. मग खरी मी कुठली रे? ती, का गोळ्या घेऊन गहू निवडणारी ही?"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे पुष्कळ दिवस मी त्यावर विचार केला. आता वाटते ते असे. आजाराने तिला वेग दिला. दिशा आजाराची नव्हती. हाच उन्माद दुसऱ्या कोणाला झाला तर तो तीन मोटारी घेण्याचा सौदा करून येतो किंवा सारी भाऊबंदकी कोर्टात ओढतो. अक्काने भाकऱ्या थापल्या, कारण ती दहा वर्षांची असल्यापासून दारी आलेल्याला उपाशी जाऊ देत नसे. पुराचे पाणी बाहेरून येते, पण रानात शिरताना आधीपासून असलेल्या पाटांनीच शिरते. तेव्हा चाळीस माणसांचे जेवण तिचेच.

परंतु दाजींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्या नवव्या दिवशी तिच्या मागे एक लहान पोर रडत बसले होते आणि तिला ते ऐकू आले नाही. दाजी स्वतः आदल्या रात्रीपासून जेवले नव्हते, तेही तिला दिसले नाही. दयेने जे सुरू झाले होते त्यातली दया केव्हाच गळून गेली होती आणि नुसता वेग उरला होता. गोळीने अक्काला चांगुलपणा दिला नाही, तो तिच्यापाशी होताच. गोळीने तिला थांबता येणे परत दिले. कोणाचे रडणे ऐकू येईल इतके थांबता येणे. ज्याला थांबता येत नाही, त्याच्या चांगल्या-वाईट कृत्यांचा हिशेब मांडणेच मला अवघड वाटते. आणि म्हणून, गोळी माणसाची जबाबदारी काढून घेते असे जे म्हणतात त्यांचे मला पटत नाही. जबाबदारी जिच्यावर टाकता येईल अशी व्यक्ती ती परत उभी करते.

हे मी अक्काला सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "असेल. पण ते पहिले चार दिवस मी उडत होते रे. तुला नाही कळायचं."

नाही कळत, हे खरेच आहे. औषधाला किंमत नसते असे सांगणारा एक तर डॉक्टर नसतो किंवा रोगी नसतो. लिथियमने अक्काच्या हाताला बारीक कंप आला आहे; दिवाळीत तिच्या रांगोळीची रेघ थरथरते, म्हणून आता ती ठिपके काढते आणि रेघा सुनेला ओढू देते. तहान फार लागते. ठराविक महिन्यांनी रक्त तपासावे लागते, मूत्रपिंडे आणि गळ्यातली ग्रंथी ठीक आहेत ना ते पाहावे लागते. भास-भ्रमांवरच्या औषधांनी काहींची अंगे ताठरतात, काहींची वजने वाढतात; डोपामिनचे घाट मनासाठी वेगळे आणि हातापायांसाठी वेगळे असे औषधाला कळत नाही. ही किंमत द्यायची की नाही, हे शक्य तोवर देणाऱ्यानेच ठरवले पाहिजे.

आणि येथेच मला खरी भीती वाटते. गोळी कोणाच्या सुखासाठी? ज्या घरात सून उलटून बोलते म्हणून तिला 'झोपेचे काहीतरी' देतात, म्हातारा रात्री हाका मारतो म्हणून त्याच्या दुधात गोळी विरघळवतात, तेथे रसायन तेच असते आणि कृत्य अगदी निराळे असते. औषधांनी बराकी शांत झाल्या हे मी वर कौतुकाने लिहिले. त्या शांततेतली किती रोग्यांची होती आणि किती पहारेकऱ्यांची, हेही कोणीतरी विचारायला हवे होते. आपल्याकडे १९१२ पासून वेड्यांचा जो कायदा होता, तो मुख्यतः अशा माणसांना कोठे व कसे ठेवावे याचा होता. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा पहिल्याने त्यांच्याशी बोलतो. पुढे कधी माझे भान सुटले तर मला कोणते उपचार द्यावेत आणि कोणते देऊ नयेत, माझ्या वतीने कोणी बोलावे, हे शहाणेपणी लिहून ठेवण्याचा हक्क त्याने दिला. अक्काने तसा कागद केला आहे. त्यात दाजींचे नाव आहे, आणि खाली तिच्या कापऱ्या अक्षरात एक ओळ आहे: मी 'गोळ्या आहेत' म्हटले तरी डबा उघडून पाहावा.

एक गोष्ट राहिली. अक्का पूर्वी नवरात्राचे नऊ दिवस अळणी उपवास करी. लिथियमवर असताना मीठ तोडले तर औषध शरीरात साचत जाते आणि विष होते, म्हणून डॉक्टरांनी तो बंद करवला. घरात कुरकुर होईल असे तिला वाटले होते. तिच्या सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या, त्या म्हणाल्या, "देवीला मी सांगते. तुझ्या वाटचे उपवास मी करीन."

"आणि तुमची ब्लडप्रेशरची गोळी उपाशीपोटी कशी चालेल?" अक्काने विचारले.

सासूबाईंनी थोडा विचार केला आणि साबुदाणा भिजत घालायला सांगितला. दोघींचे गोळ्यांचे डबे आता देव्हाऱ्याखालच्या एकाच खणात असतात.